मासे न खाणाऱ्या घरातलं अ‍ॅक्वापोनिक्स

आमच्या घरात पंढरीची वारी आहे, आईच्या गळ्यात माळ आहे. परसात अ‍ॅक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या वाफ्यात फिरवून त्यावर मातीशिवाय भाजी, असं काहीतरी करतोय म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "मारायचं असलं तर माझ्या दारात नको बघ." मी म्हटलं, "आई, मासे नाही खायचे. मासे खातील, आपण पालक खायचा." तिला ते पटायला वर्ष लागलं, मला जमायला दीड.

मी एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेला माणूस. पाईप, पंप, वॉशर हे हाताखालचं काम, त्यामुळे सांगाडा दोन दिवसांत उभा केला आणि वाटलं, झालं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशाला विष, तिसरं भाजीचं खत. हे जिवाणू खडीवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यात घाई चालत नाही.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला भंगारात हजार लिटरच्या पांढऱ्या चौकोनी टाक्या मिळतात, लोखंडी पिंजऱ्यातल्या. आधी त्यात काय होतं ते विचारा. खाद्यतेल किंवा काकवी असेल तर घ्या. विकणारा गुळमुळीत बोलला तर पुढच्या दुकानात जा. वरचा तिसरा हिस्सा पिंजऱ्यासकट कापला की तो उलटा ठेवून खडीचा वाफा होतो आणि खाली साधारण सातशे लिटरची टाकी उरते. ओल्या खडीसकट वाफ्याचं वजन पाचशे किलोंच्या वर जातं. म्हणून हे जमिनीवरच करा, गॅलरीत नको. टाकी अर्धपारदर्शक असते, ऊन लागलं की पाणी हिरवंगार होतं. बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या.

खडी क्रशरवरची काळी, वीस एमएमची, एक फूट जाडीचा थर. धुवायला कंटाळू नका, मी अकरा पाण्यांनी धुतली. आपल्या काळ्या दगडातही कधी पांढरे डाग असतात, ते चुन्याचे असू शकतात. मूठभर खडी व्हिनेगरमध्ये टाका. फसफसली तर ती पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप, सात म्हणजे मधला) वर ढकलत राहणार, ती नको. पितळी कॉक आणि जीआय पाईपही नकोत. तांबं आणि जस्त माशाला सोसत नाही.

वाफा भरावा आणि रिकामा व्हावा, असं चक्र हवं. रिकामा होताना मुळांना आणि जिवाणूंना हवा मिळते. व्हिडिओंत सगळे बेल सायफन दाखवतात, म्हणजे वाफा भरला की पाणी आपोआप ओढून काढणारी टोपीवाली नळी. दिसतो छान, पण पंपाची धार बारीक झाली की तो सुरू होत नाही आणि जास्त झाली की तुटत नाही. नवख्याने टायमर लावावा: पंधरा मिनिटं चालू, पाऊण तास बंद. वाफ्यात एक इंचाचा उभा पाईप, त्याचं तोंड खडीच्या पातळीखाली दोन इंच, आणि बुडाशी पाऊण तासात वाफा रिकामा होईल एवढं भोक. पंप चालू असताना पाणी त्या तोंडापर्यंत चढतं, बंद झाला की भोकातून हळूहळू खाली उतरतं. वरची दोन इंच खडी कोरडीच राहिली पाहिजे, नाहीतर शेवाळ धरतं आणि देठ कुजतात. पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी चार-पाच फूट चढवायचं तर तो बराच खाली येतो. दुकानदाराला उंची सांगूनच पंप घ्या.

पाणी भरलं की नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाईल. मग चार-पाच छोटे मासे, चिमूटभर खाद्य आणि दर दोन दिवसांनी थेंबांच्या किटने तपासणी. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, शेवटी नायट्रेट दिसतं. कुणाच्या मत्स्यालयातला जुना फिल्टरचा स्पंज मिळाला तर तो खडीत पुरा, वेळ वाचतो. एका पाहुण्याने शेणाचं पाणी घालायला सांगितलं होतं. अजिबात नको, आपण तो पालक खाणार आहोत.

मासे आम्ही कोई घेतले, शोभेचे रंगीत कार्प. दणकट, थंडी-उन्हाळा सोसणारे आणि भरपूर घाण करणारे. इथे तोच गुण. खाणाऱ्या घरात सिप्रनस (कॉमन कार्प) चालेल. तिलापियाला परवानगी लागते आणि आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदीच आहे, कितीही स्वस्त मिळाला तरी.

सगळं गणित खाद्यावर बसतं. पालेभाजीला वाफ्याच्या एका चौरस मीटरला रोज चाळीस-पन्नास ग्रॅम खाद्य. माझा वाफा सव्वा चौरस मीटरच्या आत, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. मासा वजनाच्या एक-दोन टक्के खातो, म्हणजे चार किलोच्या आसपास मासे पुरेत. पंधरा मिनिटांत न संपलेलं खाद्य जाळीने काढून टाका.

आणि इथेच आईने मला धडा दिला. हरिपाठाला जमलेल्या बायकांनी "उपाशी दिसत्यात गं लेकरं" म्हणत चपात्यांचे तुकडे टाकले. सकाळी पाणी ताकासारखं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत. एक तृतीयांश पाणी बदललं, हवेचा पंप रात्रंदिवस, तीन दिवस खाद्य बंद. तरी दोन गेले. चिकूच्या बुडाशी पुरले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू चपात्या मीच टाकल्या होत्या. आता काडेपेटीत मोजलेलं खाद्य तिच्याच हाती देतो. माप तिचं झाल्यापासून चपाती बंद आहे.

आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच आठच्या वर. त्यात लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए चिलेटेड लोह मिळतं, ते असल्या पाण्यातही झाडाला घेता येतं. सहा टक्क्यांचं असेल तर आठशे लिटरला पंचवीस ग्रॅम, तीन-चार आठवड्यांतून एकदा. पाणी लालसर होतं, घाबरू नका. पावसाळ्यात पावसाचं पाणी पिंपात साठवून भर घालतो, पीएच सातच्या जवळ येतो. नुसत्या पावसाच्या पाण्यावर मात्र राहू नका. जिवाणू पाण्यातला क्षार खात जातात आणि पीएच अचानक कोसळतो. साडेसहाच्या खाली गेला तर शिंपल्यांची पुरचुंडी टाकीत सोडा.

औषध फवारायचं नाही. साबणाचं पाणी, कडुलिंबाचं तेलसुद्धा नाही. मावा आला तर पाण्याच्या धारेने पाडतो, मासे तो खातात. आमच्या भागात द्राक्षवाले मोरचूद मारतात, ते तांब्याचंच, त्यांचा पंप धुवायला कुणी परसात आलं तर सरळ हाकलावं. खडीत मूठभर गांडुळं सोडली की गाळ तीच खातात.

वीज हा खरा शत्रू. एप्रिल-मेच्या रात्री पाणी कोमट, प्राणवायू कमी, आणि नेमकी लाईट जाते. बारा व्होल्टची बॅटरी आणि त्यावर आपोआप चालू होणारा हवेचा पंप हा खर्च पहिल्या दिवशीच करा. नंतर करू म्हणाल तर राहून जातो. दुपारी हिरवी जाळी. खंड्या आणि शेजारचा बोका यांच्यासाठी टाकीवर वेगळी जाळी.

पालक, चुका, पुदिना, अळू भरभरून येतं. गाजर-मुळा खडीत वाकडा होतो. टोमॅटोला पहिल्या वर्षी हात लावू नका, त्याला खाद्य जास्त लागतं.

आषाढीला आई आणि मी आठ दिवस बाहेर असतो. शेजारणीला किल्ली देतो, खाद्य देत नाही. मोठे मासे तेवढे दिवस बिनघोर उपाशी राहतात. तिचं काम एकच, पंपाचा आवाज येतोय का ते सकाळ-संध्याकाळ ऐकायचं.