मूर्ती बघायला निघालात? टॉर्च घेतला का?

गेल्या खेपेला मी आणि मावसभाऊ सकाळी त्र्यंबकजवळच्या अंजनेरीची जुनी देवळं करून दुपारी म्युझियममध्ये शिरलो, तोवर मोबाईल ९ टक्क्यांवर आणि टॉर्च घरी, नाशिकला, टीव्हीच्या टेबलावर. आत एकच ट्यूब, तीही मूर्तींच्या पाठीमागे, आणि आपल्याकडचा दगड काळा बेसॉल्ट, उजेड गिळून बसतो. तासभर ठोकळे बघून आलो.

तर आदल्या रात्री टॉर्च चार्ज करून बॅगेत टाका, "सकाळी टाकतो" म्हणालात की राहिलाच. पाणी, टोपी वगैरे तुमचं तुम्ही बघा. सोमवार नको, सरकारी म्युझियमं बहुतेक बंद असतात, तरी फोन करून विचारा. आणि मोबाईलचा टॉर्च आहे की, असं म्हणू नका, त्याच मोबाईलने फोटो काढायचेत, आणि समोरून उजेड पडला की मूर्ती सपाट दिसते. उजेड बाजूने, अगदी तिरका मारायचा, मग झिजलेली रेघसुद्धा सावली धरते. म्हणून टॉर्च वेगळा आणि तो धरायला दुसरा माणूस. तिथल्या माणसाला आधी विचारून घ्या, आणि फ्लॅश मारू नका.

वहीत लांछनं, म्हणजे प्रत्येक जैन तीर्थंकराची ठरलेली खूण, लिहून न्या: ऋषभनाथ बैल, चंद्रप्रभ चंद्रकोर, शांतिनाथ हरीण, नेमिनाथ शंख, महावीर सिंह. तीर्थंकर चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत, सगळे सारखेच शांत. लांछन असतं खाली मूर्तीच्या बैठकीवर, म्हणजे सगळ्यात जास्त अंधार तिथेच. टॉर्च! डोक्यावर नागाचे फणे असतील तर मोजा, सात म्हणजे पार्श्वनाथ, पाच असले तर बहुतेक सुपार्श्वनाथ. खाली सिंह, मांडीवर मूल, हातात आंब्याची डहाळी दिसली तर दुर्गा म्हणून नमस्कार करून पुढे जाऊ नका, ती अंबिका, नेमिनाथांची यक्षी, म्हणजे सेवेतली देवी. (आम्ही केला नमस्कार. असो.)

विष्णूची मजा वेगळीच, शंख चक्र गदा पद्म चार हातांत कुठल्या क्रमाने आहेत त्यावरून २४ रूपं होतात. मागच्या उजव्या हातात शंख, मागच्या डाव्यात चक्र, पुढच्या डाव्यात गदा, पुढच्या उजव्यात पद्म, तो केशव. उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा हो, तुमचा नाही. एखादा हात तुटला असला तरी बाकी तिन्हींवरून चौथं काय होतं ते कळतं, फक्त ती तीन दिसली पाहिजेत, आणि ती कशाने दिसतात ते आता परत सांगत नाही.

म्युझियम सकाळी, डोळे ताजे असताना. अंजनेरी नंतर, तिथे ११४१ सालचा यादवकालीन लेख आहे, चंद्रप्रभाच्या देवळाला दिलेल्या दानाचा. सिन्नरचं गोंदेश्वराचं शिवमंदिर दुसऱ्या दिवशी. चांभारलेणी, नाशिकजवळची जैन लेणी, जमली तर, पायऱ्या आहेत. जेवण कुठेही.

टॉर्च सेलवाला असेल तर सेल जास्तीचे घ्या.