स्पेसप्लेन वर जाते, पण परत येत नाही: या चुका टाळा

गेली काही वर्षे दर रविवारी नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घरी आसपासची मुले ‘केर्बल स्पेस प्रोग्राम’ हा रॉकेट आणि विमाने बांधून उडवण्याचा संगणकावरचा खेळ खेळायला जमतात, आणि त्यांची स्पेसप्लेन, म्हणजे धावपट्टीवरून उडून कक्षेत जाणारी विमाने, पाहताना मला त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: विमान कक्षेत पोहोचले की ते यशस्वी झाले. खेळातल्या केर्बिन ग्रहाचे वातावरण ७० किलोमीटरवर संपते आणि त्याच्या थोडे वर टिकून राहण्यासाठी सेकंदाला सुमारे २,३०० मीटर वेग लागतो, हे प्रत्येकाला पाठ असते. पण तेच विमान रिकाम्या टाक्यांनिशी धावपट्टीवर परत यायचे आहे, याचा विचार हँगरमध्ये, म्हणजे खेळात विमान बांधायच्या जागी, बसून कोणी करत नाही.

माझे स्वतःचे पहिले मोठे विमान याच कारणाने वाया गेले. मागे तीन रेपियर इंजिने (हवेत जेटसारखी आणि अवकाशात रॉकेटसारखी चालणारी), मध्ये मालकक्ष आणि त्याच्यापुढे लांबलचक टाक्या, अशी त्याची रचना होती. ते सहज ८० किलोमीटरच्या कक्षेत गेले, थोडे इंधनही उरले. परतताना मात्र २२ किलोमीटर उंचीवर त्याचे नाक हळूहळू वर उठू लागले, मी कळ कितीही दाबली तरी खाली येईना, आणि काही सेकंदांत विमान उलटे फिरून शेपटीच्या दिशेने खाली येऊ लागले. मी आठ रात्री त्याच जागेपासून खेळ पुन्हा सुरू केला. उतरण्याचा कोन बदलला, शेपटीला आणखी दोन पंख जोडले, रिअ‍ॅक्शन व्हील (विजेवर फिरून विमान वळवणारी चाके) वाढवली. नवव्या रात्री मी हँगरमध्ये पुढच्या टाकीवर राइट क्लिक केले आणि इंधनाची पट्टी शून्यावर ओढली. पट्टी सरकत होती तसतसा वस्तुमानकेंद्राचा, म्हणजे सगळे वजन जिथे तोलले जाते त्या बिंदूचा, पिवळा गोळा मागे सरकत होता, आणि शेवटी तो पंखांच्या उचलबलाच्या केंद्राच्या निळ्या गोळ्याला ओलांडून त्याच्या मागे जाऊन थांबला.

कारण साधे आहे. एका रेपियरचे वजन २ टन असते आणि ते कधीच कमी होत नाही, तर पुढचे इंधन जळून जाते. टाक्या भरलेल्या असताना पिवळा गोळा निळ्याच्या पुढे असतो, म्हणून विमान बाणासारखे सरळ जाते. टाक्या रिकाम्या झाल्या की सगळे वजन शेपटीत राहते आणि विमानाला उलटे फिरणेच सोयीचे होते. त्यामुळे मी आता इंधन पिवळ्या गोळ्याच्या पुढे आणि मागे जवळजवळ सारखे वाटतो, शक्य असेल तेव्हा इंजिने शेपटीऐवजी पंखांवर थोडी पुढे बसवतो, आणि प्रत्येक बदलानंतर सगळ्या टाक्या शून्यावर आणून दोन्ही गोळे पाहतो. उड्डाण सुरू असताना चूक लक्षात आलीच, तर ऑल्ट धरून दोन टाक्यांवर राइट क्लिक करावे आणि उरलेले इंधन सर्वांत पुढच्या टाकीत न्यावे. यासाठी परतीच्या वेळी थोडे इंधन शिल्लक ठेवण्याची सवय लावून घ्यावी. मोठी रिअ‍ॅक्शन व्हील बसवून असमतोल दाबून टाकण्याचा मार्ग मला अजिबात मान्य नाही. वीज संपली की तो समतोलही संपतो.

हा प्रश्न फक्त खेळातला नाही. १२ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया स्पेस शटल पहिल्यांदा अवकाशात गेले, आणि दोन दिवसांनी वातावरणात शिरताना त्याचे नाक अंदाजापेक्षा जास्त वर उठू पाहत होते; ते खाली ठेवण्यासाठी इंजिनांखालचा बॉडी फ्लॅप अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट कोनात वळवावा लागला. तिथे तो फ्लॅप पुरला, कारण रचना करताना जादा वाव ठेवला होता. आपण तो वाव हँगरमध्येच ठेवला पाहिजे.

चाचणीचा क्रमही मुले उलटा लावतात: आधी अवकाश, मग उतरणे. खऱ्या अभियंत्यांनी याच्या नेमके उलटे केले. शटल कक्षेत जाण्याच्या चार वर्षे आधी, १९७७ साली, एंटरप्राइझ हे चाचणी यान बोइंग ७४७ च्या पाठीवरून हवेत सोडून पाच वेळा उतरवून पाहिले गेले. इस्रोनेही आपले पंख असलेले पुनर्वापरयोग्य यान २ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकातल्या चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले, आणि ते स्वतःहून धावपट्टीवर उतरले. मीही तसेच करतो. टाक्यांत एक दशांश इंधन घेऊन विमान धावपट्टीवरून उडवतो, पाच-सहा किलोमीटरवर इंजिन बंद करतो आणि फक्त तरंगत परत आणतो. ही चाचणी तीन वेळा जमल्याशिवाय त्या विमानाला मी पूर्ण इंधन देत नाही. मुलांना हे कंटाळवाणे वाटते, पण दहा मिनिटांच्या या चाचणीने अनेक रात्री वाचतात.

दुसरी चूक चाकांची. दहावीतला एक मुलगा दोन रविवार एकच तक्रार घेऊन येत होता: “काका, हे डावीकडेच पळून राहिलं.” सेकंदाला ६० मीटरच्या पुढे गेले की त्याचे विमान धावपट्टी सोडून गवतात जायचे. त्याने मागचा उभा पंख दुप्पट केला होता, इंजिनही वाढवले होते, म्हणजे ते आता अधिक वेगाने गवतात जात होते. मी त्याला कॅमेरा जमिनीला टेकवून विमानाकडे समोरून पाहायला सांगितले. डावे चाक स्टँडवर लावलेल्या सायकलीसारखे बाहेर कललेले होते. पंख किंचित वर वळलेला, चाक त्या पंखालाच चिकटलेले, आणि घाईत त्याने आरशातली जोडी (दोन्ही बाजूंना एकदम सारखा भाग लावण्याची सोय) न वापरता दोन्ही चाके वेगवेगळी लावलेली. फिरवण्याचे साधन घ्यावे, एफ दाबून ते पंखाऐवजी जमिनीच्या हिशेबाने फिरणारे, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट करावे, ठरावीक अंशांनीच वळवणारा अँगल स्नॅप चालू ठेवावा आणि चाक जमिनीला काटकोनात आणावे. एवढ्यानेच त्याचे विमान सरळ धावले. मागची चाके पिवळ्या गोळ्याच्या थोडीच मागे असावीत, फार मागे गेली तर नाक उचलत नाही. पुढच्या चाकाचा ब्रेक मी नेहमी बंद ठेवतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. रॉकेटसारखे ४५ अंशांत वर चढू नये. रेपियरचा जोर ध्वनीच्या वेगाजवळ कमी वाटतो आणि तो ओलांडल्यावर झपाट्याने वाढतो, म्हणून खालीच वेग घ्यावा आणि मग सौम्य चढावे. माझे विमान २० किलोमीटरच्या आसपास सेकंदाला १,३०० मीटरच्या वर असेल, तरच मी पुढे जातो. ऑक्सिडायझर (हवा नसताना इंधन जाळायला लागणारा पदार्थ) काठोकाठ भरू नये, कारण जेट असताना रेपियर फक्त लिक्विड फ्युएल जाळते आणि मग शेवटी उरलेल्या ऑक्सिडायझरचे ओझे तेवढे सोबत राहते. पंखांच्या टोकाच्या हलत्या पृष्ठभागांना फक्त रोल, म्हणजे विमान कुशीवर वळवण्याचे काम, द्यावे, सगळ्यांना सगळी कामे देऊ नयेत. इंजिनाच्या मागे उलटा नोजकोन (विमानाच्या नाकाचे निमुळते टोक) लावून तो आत लपवण्याची युक्ती हवेचा विरोध कमी करते हे खरे. पण नवशिक्याने ती वापरली, तर विमानाचा खरा दोष त्याला कधीच दिसत नाही, म्हणून आमच्या घरी ती चालत नाही.

आणि एक चूक खास आपल्या गावची. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना दुपारी कूलरसमोर ठेवलेला लॅपटॉपही तापून मंदावतो, आणि खेळाच्या डाव्या कोपऱ्यातल्या घड्याळाचे हिरवे आकडे पिवळे होतात. याचा अर्थ खेळातला एक सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा लांबला आहे. कळ दाबल्यावर विमान उशिरा वळते, मुलाला ते जड वाटते आणि तो आणखी दोन पृष्ठभाग जोडतो. संध्याकाळी लॅपटॉप थंड झाला की तेच विमान हाताखाली थरथरू लागते. आकडे पिवळे असताना विमानात काहीही बदलू नये. मे महिन्यात उतरण्याच्या चाचण्या मी पहाटे पाच वाजता घेतो.