समोरच्या कॉलेजसोबत बास्केटबॉलची मॅच आहे? मग हे पंधरा दिवस असे काढा

इंटर कॉलेजचं शेड्यूल ग्रुपवर पडलं की आमच्या पोरी पहिले एकच बघतात, "त्यांच्या"सोबत मॅच कधी आहे. नाव कोणी घेत नाही, नुसतं "त्या" म्हटलं तरी कळतं. तुमच्याकडेही असेल असं एखादं कॉलेज, धुळ्याचं असो, नंदुरबारचं असो नाहीतर अगदी रस्त्यापलीकडचं. बाकी मॅच हरलो तर चालतं पण ह्यांच्यासोबत हरलो की वर्षभर एसटी स्टँडवर त्या पोरी दिसल्या तरी आपण मोबाईलमध्ये तोंड घालतो.

मी तीन वर्षं खेळले, शेवटच्या वर्षी कॅप्टन होते, आता बीपीएड करतेय आणि संध्याकाळी ज्युनिअर पोरींची प्रॅक्टिस घेते. म्हणजे फार मोठी कोच वगैरे नाही, पण एक हार अशी खाल्लीय की तिच्यातून बरंच शिकले. ३ मिनिटं बाकी, आम्ही ६ पॉइंटने पुढे, आणि त्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे आम्ही बॉल आत टाकल्यापासूनच पूर्ण कोर्टभर अडवायला लागल्या. त्यानंतर आमचा बॉल हाफ लाइनच्या पुढे नीट गेलाच नाही, एक तर पास त्यांच्या हातात, नाहीतर ८ सेकंद संपले (तेवढ्यात बॉल हाफ लाइनपलीकडे न्यावाच लागतो) म्हणून शिट्टी. ४ ने हरलो. नंतर सगळ्या म्हणाल्या नशीब वाईट, पण नशीब कसलं वं, त्या दरवर्षी शेवटी प्रेसच लावतात हे आम्हाला माहीत होतं आणि तरी आम्ही त्याची एक दिवसही प्रॅक्टिस केली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, नवीन काही शिकायच्या भानगडीत पडू नका, ती मॅच आधी आपल्याच कोर्टवर, आपल्याच बेंचच्या पोरींसोबत खेळून घ्या.

त्यासाठी पहिले त्यांना बघावं लागतं. त्यांची दुसरी मॅच कुठे असेल तर दोघी जणी जा, तिकीट अर्धंच लागतं आपल्याला एसटीत. एकीने वरून, म्हणजे पायऱ्यांवरून किंवा गॅलरीतून मोबाईल आडवा धरून शूटिंग करायचं, खालून केलं तर नुसत्या पाठी दिसतात. दुसरीने वही घ्यायची. वहीत अर्ध्या कोर्टचं चित्र काढा आणि ज्या पोरीने जिथून शॉट मारला तिथे तिचा नंबर लिहा, गेला तर नंबरला गोल, नाही गेला तर नुसता नंबर. एका मॅचमध्ये पान भरतं आणि मग दिसतं की जी ९ नंबरची आपल्याला एवढी भारी वाटत होती ती फक्त उजव्या बाजूने आत घुसते, डावीकडे गेली की पास देऊन मोकळी होते. अजून तीन गोष्टी बघा, बास्केट झाल्यावर प्रेस करतात की मागे पळतात, डिफेन्स मॅन टू मॅन (एकीला एक धरून) आहे की २-३ झोन (दोघी पुढे, तिघी मागे, आपापली जागा सांभाळून), आणि त्यांची कोणती पोरगी फाऊलमध्ये लवकर अडकते. बाकी त्यांचे बूट कोणते आणि किट किती छान हे लिहू नका, आमच्या एकीने खरंच लिहून आणलं होतं.

मग त्यातून तीनच गोष्टी ठरवा. दहा ठरवल्या तर मॅचमध्ये एकही आठवत नाही. आमच्या होत्या: प्रेस तोडायचा, ९ नंबरला डावीकडे ढकलायचं आणि त्यांच्या उंच पोरीला रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा उसळलेला बॉल, द्यायचा नाही. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्पोर्ट्स रूमच्या दाराला चिकटवलं होतं.

आता बेंचच्या पोरी. त्यांना जुने टीशर्ट द्या, मार्करने समोरच्या टीमचे नंबर टाका आणि सांगा की पंधरा दिवस तू ९ नंबर आहेस, तिच्यासारखंच खेळ. ह्याचा एक फायदा मला आधी वाटलाच नव्हता, ज्या पोरी एरवी बॉटल भरायला आणि टाळ्या वाजवायला आहेत असं समजून येतात त्या एकदम जीव लावून खेळायला लागतात कारण त्यांना काहीतरी काम मिळतं. आमची एक एफवायची पोरगी, पाचोऱ्याहून अपडाऊन करायची, तिने ९ नंबरची इतकी हुबेहूब नक्कल केली की आमची मेन डिफेंडर दोन दिवस रडकुंडीला आली होती. प्रेससाठी तर मी मुलांच्या टीममधले दोघे तिघे घेते, त्यांचे हात लांब, स्पीड जास्त, त्यांच्यासमोर बॉल बाहेर काढता आला की मुलींसमोर जमतंच. फक्त त्यांना आधीच सांगायचं की इथे हिरोगिरी नाही, अंगावर यायचं नाही, हात वर करून वाट अडवायची बस.

उंच पोरीसाठी आमचा उपाय ऐकून हसाल. त्यांची सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी, चांगली उंच, आमच्यात तेवढं कोणीच नाही, मग एकीला खराटा देऊन रिंगखाली उभं केलं. अंगण झाडायचा लांब दांड्याचा खराटा. लेअपला, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून शॉट मारायला, कोणी आलं की तिने तो वर करायचा आणि बॉल त्याच्या वरून बोर्डला लागला पाहिजे. पहिल्या दिवशी निम्मे लेअप खराट्यात अडकले, केसात काड्या, सगळ्या हसून लोळल्या. चौथ्या दिवशी आपोआप सगळ्यांचा बॉल वरून जायला लागला, काही जणी दोन पावलं आधीच थांबून छोटा शॉट मारायला लागल्या. मी कितीही तोंडाने "आर्क दे आर्क दे" (बॉल उंच कमानीत टाक) ओरडले असते तर हे झालं नसतं.

प्रेस तोडायचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या लेव्हलला निम्म्या मॅच इथेच जातात. पोरी घाबरून काय करतात, बॉल आत घेतात आणि लगेच मान खाली घालून ड्रिबल करत साइडलाइनला पळतात, तिथे दोघी येऊन दाबतात, झालं. साइडलाइन हीच तिसरी डिफेंडर समजा. कोपऱ्यात बॉल घ्यायचाच नाही. एक पोरगी कायम मधोमध पाहिजे, फ्री थ्रो लाइन (रिंगसमोरची, जिथून फाऊलचे मोकळे शॉट मारतात) आणि हाफ लाइनच्या मध्ये, तिचं तोंड बॉलकडे. पहिला पास आला की ड्रिबल न करता आधी बघायचं, मग मधलीला द्यायचा, मधलीने वळून पुढे पळणारीला. तीन पासमध्ये बॉल पलीकडे जातो, ८ सेकंद भरपूर असतात, मोजून बघा मोठ्याने. आणि एक नियम बऱ्याच पोरींना माहीत नसतो, समोरच्यांनी बास्केट केल्यावर बॉल आत टाकणारीला बेसलाइनच्या मागे इकडून तिकडे पळता येतं, पण बॉल नुसता बाहेर गेला असेल नाहीतर फाऊलनंतर आत टाकायचा असेल तर रेफ्रीने दाखवलेल्या जागेवरूनच टाकावा लागतो, तिथे पळालं की बॉल त्यांचा. आणि आत टाकायला ५ सेकंदच आहेत. आम्ही रोज शेवटची दहा मिनिटं फक्त हेच केलं, ५ जणींविरुद्ध ७ जणी लावून.

झोन असेल तर ह्याच्या उलट, घाई करू नका. २-३ झोनमध्ये फ्री थ्रो लाइनजवळ मोकळी जागा असते, तिथे एक शांत डोक्याची पोरगी उभी करा जिला पासिंग येतं, उंची नसली तरी चालेल. बॉल तिच्याकडे गेला की झोन आत गोळा होतो आणि कोपऱ्यातली मोकळी होते.

कोडवर्डचं एक सांगायचं राहिलं. आम्ही एकदा हुशारी करून सगळे कॉल अहिराणीत ठेवले, "मांगे देख", "आठे दे" (इथे दे) वगैरे. समोरच्या पोरी शिरपूर साइडच्या, त्यांच्या घरात अहिराणीच, आमच्या आधी त्याच मागे बघत होत्या. उलट आमच्यातल्या यावल-रावेरच्या लेवा पोरी, त्यांची बोली वेगळी, विचारत होत्या काय म्हणून राहिली ही. तेव्हा नंबर किंवा भाज्यांची नावं ठेवा, वांगं म्हणजे झोन, भेंडी म्हणजे प्रेस.

बॉल तपासा. मुलींचा ६ नंबर असतो, मुलांचा ७, आणि बऱ्याच कॉलेजात स्पोर्ट्स रूममध्ये सगळे ७ नंबरच असतात. पंधरा दिवस जड आणि मोठ्या बॉलने शूटिंग केलं आणि मॅचला ६ नंबर हातात आला की सगळे शॉट लांब जातात, हे मी स्वतः भोगलंय. तसंच कोर्टच्या लाइनी. थ्री पॉइंटची लाइन २०१० पासून ६.७५ मीटरवर गेली पण जुन्या सिमेंट कोर्टवर अजून ६.२५ चीच पुसट रंगवलेली सापडते. टेप आणा, खडूने नवीन आखा. रिंग ३.०५ मीटरवर आहे का तेही बघा, आमची एक रिंग पुढून चक्क झुकलेली होती, मुलं लटकून लटकून.

फ्री थ्रो दमलेले असताना मारा. आरामात उभं राहून दहापैकी आठ टाकण्याला काही अर्थ नाही, मॅचमध्ये श्वास फुललेला असतो. दोन वेळा पूर्ण कोर्ट पळा, लगेच २ फ्री थ्रो, परत पळा. २ च का, तर एका क्वार्टरमध्ये टीमचे ४ फाऊल झाले की पाचव्यापासून डिफेन्सच्या फाऊलला समोरच्यांना २ फ्री थ्रो मिळतात, आणि चुरशीच्या मॅचमध्ये हे बरेचदा होतं. म्हणून बेंचवर एक जण फक्त फाऊल मोजायला बसवा, आपलेही आणि त्यांचेही. ४ फाऊलवाली (पाचव्याला मॅचबाहेर जाणारी) त्यांची पोरगी कोण हे कळलं की बॉल तिच्या अंगावर न्यायचा.

गुडघ्यांकडे लक्ष द्या, हे मी हात जोडून सांगते. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट मुलींचं मुलांपेक्षा जास्त वेळा जातं, आणि बरेचदा कोणी धडकलेलं पण नसतं, नुसतं उडी मारून उतरताना नाहीतर झटक्यात वळताना जातं. उतरताना दोन्ही गुडघे वाकलेले आणि पंजांच्या रेषेत पाहिजेत, आत वळायला नकोत. रोज दहा मिनिटं उड्या मारून हळू उतरायची प्रॅक्टिस, स्क्वॉट, एका पायावर तोल, एवढं तरी कराच. सिमेंटवर खेळतो आपण, घासलेले बूट घालून.

वेळेचं पण बघावं लागतं. आपल्याकडे निम्म्या पोरी अपडाऊनवाल्या, साडेसहाची गाडी सुटली की घरी फोनाफोनी आणि दुसऱ्या दिवसापासून "पप्पा नको म्हणाले". त्यामुळे प्रॅक्टिस सकाळी ठेवता आली तर उत्तम, ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी तर नकोच, भुसावळ-जळगावचं ऊन काय असतं हे कोणाला सांगायला नको. गरज पडली तर मॅडमना घरच्यांशी बोलायला लावा. पाळी मॅचच्या दिवशी येऊ शकते, तर बॅगेत जास्तीचे पॅड आणि गडद शॉर्ट ठेवा, ज्या पोरीला त्रास होतो तिने आधी सांगितलं तर रोटेशन बसवता येतं, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

शेवटचे दोन दिवस पळवू नका. हलकं शूटिंग, प्रेसचे तीन पास, दाराचा कागद परत वाचायचा आणि घरी. आदल्या रात्री शेवभाजी आणि भरीत पार्टी अजिबात नाही, जिंकल्यावर कळण्याच्या भाकरीसोबत खाऊ. वरण-भात, पोळी, दही असं साधं. मॅचच्या तास-दीड तास आधी केळी, टीममध्ये रावेरची कोणी असेल तर फुकट येतात, आणि ओआरएसची पाकिटं. पाकिटावर जेवढं लिहिलंय तेवढ्याच पाण्यात टाका, अंदाजे नाही.

जिथे मॅच आहे तिथे तासभर आधी पोचा. आयकार्ड, एलिजिबिलिटीचे कागद एकीकडेच ठेवू नका, एक झेरॉक्स सेट दुसरीकडे. क्वार्टर १० मिनिटांचेच आहेत ना, २४ सेकंदाचं (तेवढ्यात शॉट मारावाच लागतो) मशीन आहे की कोणी हाताने मोजणार, हे टेबलवर विचारून घ्या. टाइमआउट पहिल्या हाफमध्ये २, दुसऱ्यात ३, आणि तो कोचनेच टेबलकडे मागायचा असतो, कोर्टवरून पोरीने हाताचा टी करून ओरडून काही होत नाही. मग दोन्ही रिंगवर शूटिंग करा आणि बॉल घेऊन सगळ्या कोर्टभर ड्रिबल करत फिरा, सिमेंटला कुठे भेग असते, कुठे बॉल उसळतच नाही. अशी जागा सापडली की गपचूप सगळ्यांना दाखवून ठेवा, ९ नंबरला ढकलायचं तर तिकडेच ढकला. आणि हो, परतीची शेवटची गाडी कितीची आहे ते मॅचच्या आधीच बघून ठेवा.