गर्दी कोरताना: स्वतःच्या अनुभवाचा पहिला लिनोकट

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर (लिनोवर) चित्र कोरून, शाई लावून कागदावर घेतलेला छाप. त्यासाठी ‘मुंबईतलं एकटेपण’ असा विषय घेऊन बसलं की बहुतेक वेळा मरीन ड्राइव्हवर पाठमोरी बसलेली एक आकृती तयार होते. ते चित्र कुणाचंही असू शकतं. त्याऐवजी ‘लोकलमध्ये कडी धरलेला माझा हात आणि त्यावर रेललेलं अनोळखी कोपर’ असं ठरवा, म्हणजे काय काढायचं आणि कुठून बघायचं, दोन्ही लगेच कळतं.

त्यासाठी आठवडाभर खिशात मावणारी वही बाळगा आणि रोज तीच जागा रेखाटा. स्लो लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मधे तीनेक मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. चेहरे नकोत, हात, पिशव्या, खांद्यांचे उतार घ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी एखादी गोष्ट आपोआप परत परत येऊ लागते. तीच तुमची.

नवख्यांसाठी लिनो बरा, कारण त्यात करडा रंग नाही. जे कोराल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं. चाळीस चेहरे कोरले तर एकही दिसत नाही. चेहरे काळे ठेवून फक्त हात कोरले, तर तुमचं म्हणणं मथळ्याशिवाय पोचतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची रेखाटनं करणारे चित्रकार चित्तप्रसाद पुढे मुंबईत, अंधेरीत राहिले. त्यांचे लिनोकट पाहिलेत तर काळ्याचा हा हिशोब नीट समजेल.

१५ × २० सेंटिमीटरचा, साधारण ३ मिलिमीटर जाडीचा तुकडा पुरे. चित्र ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलने काढा, कागद पालथा घालून लिनोवर घासा. हे विसरलात तर ‘दादर’ची पाटी छापात उलटी येते, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतोच. बारीक रेषांना ‘व्ही’ आकाराची कोरणी, मोकळ्या जागेला ‘यू’. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. लिनो कडक लागला तर पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवा. कोरणी घसरते ती बहुधा बोथट झाल्यामुळे. जोर वाढवू नका, धार लावा.

शाई काचेवर पातळ पसरा. रोलर फिरवताना बारीक चरचर ऐकू आली की प्रमाण बरोबर. चिकट ‘पच्’ आवाज येत असेल तर शाई जास्त आहे, बारीक रेषा भरून जातील. मग तोच रोलर लिनोवर फिरवा आणि वर कागद ठेवा. हाताने छापताना ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागद घेऊ नका, शाई ठिपकेदार उठते; १०० ते १२० चालतो. मधून बाहेरच्या दिशेने चमच्याच्या पाठीने घासा आणि सोडवण्याआधी एक कोपरा उचलून बघा. फिकं वाटलं तर तो कोपरा परत टेकवून घासता येतं.

तेलाची शाई पावसाळ्यात आठवडाभरही ओली राहते. छाप एकमेकांवर रचू नका, दोरीला चिमट्याने लावा. कोरा कागद भिंतीला टेकवून ठेवाल तर बुरशी धरेल.

पहिला छाप चाचणीचा समजा. तो दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावून बघा, मगच पुढे कोरा, कारण निघून गेलेला लिनो परत बसवता येत नाही. शेवटी छापाखाली पेन्सिलने डावीकडे ३/१० (दहा छापांपैकी तिसरा) असा क्रमांक, मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही.