ग्राफिक्स कार्ड बदलताना: आधी ड्रायव्हर, मग स्क्रूड्रायव्हर

नवं ग्राफिक्स कार्ड हातात आलं की कॅबिनेट उघडायची घाई होते. ती आवरा. निम्मं काम जुनं कार्ड जागेवर असतानाच उरकायचं असतं, कारण तोवर स्क्रीनवर नीट दिसत असतं. उदाहरणादाखल असं धरू, की एनव्हिडियाचं जुनं जीटीएक्स १०५० टीआय काढून तिथे एएमडीचं आरएक्स ६६०० बसवायचं आहे.

पहिला प्रश्न विजेचा. १०५० टीआय ७५ वॅटवर चालतं आणि मदरबोर्डचा स्लॉट तेवढी वीज देतो, म्हणून त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी केबल लागत नाही. आरएक्स ६६०० ला मात्र १३२ वॅट लागतात, आणि ८ पिनांची केबलही. एएमडी किमान ४५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर (म्हणजे पॉवर सप्लायवरच) ‘४५० वॅट’ छापलेलं असलं तरी माझा त्यावर भरवसा नाही. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. ३० च्या आसपास असतील तर ठीक. १५-१६ असतील तर आधी एसएमपीएस बदला, कार्डाचं नंतर बघू. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, हेही पट्टीने मोजून घ्या.

आता ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. एनव्हिडियाच्या जागी एनव्हिडियाचंच कार्ड येणार असेल तर फारसं काही करावं लागत नाही. नवा ड्रायव्हर जुन्यावर चढवला की भागतं. उगाच साफसफाईच्या मागे लागू नका. कंपनी बदलत असेल तेव्हा मात्र जुना ड्रायव्हर मुळासकट काढलेला बरा. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे फुकट मिळणारं साधन आहे. ते आणि एएमडीचा नवा ड्रायव्हर, दोन्ही आधीच डाउनलोड करून ठेवा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडणारा लांबलचक आकडा) कागदावर उतरवून घ्या. सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाताना किंवा हार्डवेअर बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती मिळाली नाही तर सगळं काम तिथेच अडतं.

मग इंटरनेट तोडा. हे विसरलात तर मधेच विंडोज अपडेट स्वतःच्या मर्जीने ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. सेफ मोडमध्ये जाण्यासाठी शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने जाऊन पुन्हा रीस्टार्ट द्या आणि ४ दाबा. सेफ मोडमध्ये लॉगिनचा पिन कधीकधी चालत नाही, तेव्हा खात्याचा पासवर्ड आठवत असू द्या. डीडीयू उघडून त्यात जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) आणि एनव्हिडिया निवडा. नंतर साफ करून संगणक बंद करणारा पर्याय घ्या, रीस्टार्टचा नको.

आता कॅबिनेट. मागचा स्विच बंद करा, वायर काढा आणि उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीजही उतरवा. कार्डाच्या मागचे स्क्रू काढा. स्लॉटच्या टोकाला एक खटका असतो. तो दाबल्याशिवाय कार्ड ओढलंत तर स्लॉटच उखडू शकतो. मोठ्या पंख्याखाली तो खटका दिसतही नाही. तिथे बोट पोचत नसेल तर प्लॅस्टिकची पट्टी वापरा. स्क्रूड्रायव्हर घसरला तर बोर्डावर ओरखडा ठरलेला.

नवं कार्ड दोन्ही टोकांनी सारखं दाबा, खटका ‘टक्’ वाजेपर्यंत. वीजेच्या केबलींमध्ये गल्लत होते ती इथे: प्रोसेसरची केबल ४+४ पिनांची, कार्डाची ६+२ ची. दोन्ही ८ पिनांच्याच दिसतात, पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावू नका. सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल बसली तरी लावायची नाही. पिनांची जुळणी वेगळी असते आणि कार्ड जळू शकतं.

मॉनिटरची केबल नव्या कार्डालाच लावा, मदरबोर्डला नाही. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून दुकानात नेलेल्या संगणकांत हा घोटाळा हमखास सापडतो. पहिल्यांदा चालू केल्यावर चित्र मोठं आणि फिकट दिसेल, घाबरू नका, ड्रायव्हर अजून टाकलेला नाही. ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, इंटरनेट त्यानंतर जोडा.

शेवटी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते, बघा. नवा ड्रायव्हर बसल्यावर १४४ हर्ट्झचा मॉनिटर कधीकधी गुपचूप ६० वर येऊन बसतो, आणि मग माणूस नव्या कार्डाला नावं ठेवत बसतो.