संसदेविषयी लिहिता-बोलताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी विद्यार्थ्यांचे संसदेवरील निबंध अनेक वर्षे तपासल्यावर माझ्या ध्यानात आले आहे की, त्यांतील बहुतेक चुका पाठांतर कमी पडल्यामुळे होत नाहीत. गावची पंचायत आणि बंगळुरूची विधानसभा ज्या मापाने समजली, त्याच मापाने दिल्लीची संसद मोजल्यामुळे त्या होतात.

‘अध्यक्ष’ हा शब्दच घ्या. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणतात, तर सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यात त्याच पदावरची व्यक्ती सरपंच असते. अध्यक्ष म्हणजे कारभार पाहणारा, ही समजूत इथे लहानपणापासून रुजलेली असल्यामुळे लोकसभा अध्यक्ष सरकारचे नेतृत्व करतात, असे विद्यार्थी बिनदिक्कत लिहितात. वस्तुतः कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ पाहतात. अध्यक्ष सभागृहाचे कामकाज चालवतात, एखादे विधेयक धनविधेयक आहे की नाही याचा निर्णय देतात आणि समसमान मते पडली तरच आपले निर्णायक मत टाकतात. राज्यसभेला अध्यक्ष नसतात, सभापती असतात, आणि ते पद उपराष्ट्रपतींकडे पदसिद्ध असते. म्हणून ‘राज्यसभेने आपले सभापती निवडले’ हे वाक्य चुकीचे ठरते. राज्यसभा आपल्यातून निवडते ते उपसभापती.

या पदांवरील स्त्रियांची नावे लिहितानाही गफलत होते. मीरा कुमार २००९ मध्ये लोकसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांच्यानंतर २०१४ मध्ये अध्यक्ष झालेल्या सुमित्रा महाजन चिपळूणच्या, म्हणून त्यांना महाराष्ट्रातून निवडून आणण्याचा मोह आपल्याला आवरत नाही. त्या आठही वेळा इंदूरमधून निवडून आल्या. प्रतिभा पाटील राष्ट्रपती होत्या हे सर्व लिहितात, पण त्या १९८६ ते १९८८ या काळात राज्यसभेच्या उपसभापती होत्या, हे क्वचितच कोणी नोंदवते. सभापतिपदावर मात्र स्त्री आलेली नाही, कारण उपराष्ट्रपतिपदीच ती आलेली नाही.

रचनेतील चुका त्या मानाने सोप्या आहेत. राष्ट्रपती हे संसदेचे अंग आहेत. दोन सभागृहे म्हणजेच संसद, असे लिहू नये. लोकसभेचे ५४५ सदस्य हा आकडा जुना झाला आहे, कारण अँग्लो-इंडियन समाजाच्या दोन नामनियुक्त जागा २०२० मध्ये संपल्या आणि आता ५४३ जागा उरल्या. राज्यसभेच्या २४५ पैकी १२ सदस्य राष्ट्रपती नेमतात. सुधा मूर्ती त्यांपैकी एक असल्यामुळे कर्नाटकाच्या वाट्याच्या १२ जागांत त्यांना मोजू नये, दोन्ही आकडे १२ असल्याने घोटाळा होतो खरा.

आपल्या खासदाराविषयीही खात्री करून घ्यावी. जिल्हा बेळगाव म्हणजे मतदारसंघ बेळगाव, हे गृहीत धरता येत नाही: निपाणीचा मतदार चिकोडीसाठी मत देतो आणि खानापूर व कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात मोडतात. सीमाप्रश्नावर लिहिणाऱ्यांनी तर अनुच्छेद ३ एकदा मूळ शब्दांत वाचावाच. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे, त्यासाठी साधे बहुमत पुरते, आणि संबंधित विधानमंडळाचे मत मागवले जात असले तरी त्याची संमती बंधनकारक नाही; दोन्ही विधानसभांच्या ठरावांना मिळणाऱ्या प्रसिद्धीत ही गोष्ट झाकली जाते.

स्त्रियांच्या संख्येबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे ती दर निवडणुकीत वाढतच गेली, असे गृहीत धरणे. २०१९ च्या निकालात ७८ स्त्रिया निवडून आल्या होत्या. २०२४ मध्ये त्या ७४ झाल्या, म्हणजे ५४३ पैकी साडेतेरा टक्क्यांहून किंचित अधिक. कर्नाटकात २८ पैकी तीन, आणि त्यांतील एक चिकोडीच्या प्रियंका जारकीहोळी. त्यांना चिकोडीच्या पहिल्या महिला खासदार म्हणणाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथून निवडून आलेल्या रत्नमाला सवणूर यांचे स्मरण ठेवावे. दोन पुस्तकांतील आकडे जुळत नसतील, तर कोणती तारीख धरली आहे ते आधी पाहावे. २०१९ च्या निकालात बेळगावसमोर सुरेश अंगडी यांचे नाव आहे, परंतु त्यांच्या निधनानंतर २०२१ च्या पोटनिवडणुकीत मंगला अंगडी निवडून आल्या. त्यामुळे एकाच लोकसभेतील स्त्रियांची मोजणी त्या तारखेच्या आधी एक आणि नंतर दुसरी येते.

शेवटची गफलत आरक्षणाची आहे. कर्नाटकातील पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्यामुळे संसदेतही पन्नास टक्के आरक्षण आहे, असे वाक्य दरवर्षी एखाद्या तरी कागदावर आढळते. सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली १०६ वी घटनादुरुस्ती एक तृतीयांश जागांची आहे आणि ती लोकसभा व विधानसभांना लागू होते. राज्यसभा आणि विधान परिषद तिच्या कक्षेबाहेर आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतीलही एक तृतीयांश जागा त्या त्या समाजातील स्त्रियांसाठी ठेवण्याची तरतूद तिच्यात आहे. मंजूर होताना तिच्यातच जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना अशी अट घातलेली होती, त्यामुळे २०२४ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या ७४ स्त्रियांपैकी एकीचीही जागा स्त्री म्हणून राखीव नव्हती.