एकाच पुस्तकात तीन 'मी': या चुका टाळा

माझ्या मुलांसाठीच्या कादंबरीचा पहिला खर्डा मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी जमणाऱ्या मुलांपुढे नेला होता. तीन निवेदक, तिघंही 'मी' म्हणून बोलणारे: पुण्याच्या नारायण पेठेतला मिहीर, नदीकाठच्या वस्तीतली रेशमा आणि मिहीरच्या घरी, म्हणजे आपल्या मामाकडे, शिकायला आलेली कोल्हापूरची ऋतुजा. प्रकरणांवरची नावं कापून टाकली, 12 पानं पिसली आणि पाचवीतल्या एका मुलीला म्हटलं, कोणाचं पान कोणतं ते लाव बघू. तिने मिहीरची चारही पानं बरोबर लावली. मी खूश. मग कळलं की 'गेलो', 'आलो' बघून लावली होती. उरलेल्या आठ पानांचा गठ्ठा माझ्या हातात देत ती म्हणाली, "ह्या सगळ्या तुम्हीच."

आता दुसऱ्या कोणाचं हस्तलिखित वाचायला आलं तरी आधी हीच परीक्षा घेते. बहुतेक जण माझ्यासारखेच नापास होतात.

सगळ्यांच्या तोंडी एकच मराठी

चूक कळल्यावर पहिला उपाय सुचतो तो तोंडात वेगळे शब्द घालण्याचा. मिहीरला 'अरे यार', रेशमाला 'आनि', 'पानी', ऋतुजाला दर दोन वाक्यांमागे एक 'की ओ'. हा वेष झाला, आवाज नव्हे. शिवाय त्यात एक खास पुणेरी खोट आहे. पेठेतला मुलगा शुद्ध बोलतो आणि वस्तीतली मुलगी तेवढी 'बोली' बोलते, असं आपण नकळत ठरवून टाकतो. पेठेतला अकरा वर्षांचा मुलगा घरात काय बोलतो ते एकदा दाराआड उभं राहून ऐका. 'बोअर होतंय', 'चार्जिंग संपली', 'मला नाही जायचं तिकडे'. तीही बोलीच. बोली वापरायची तर तिघांनाही द्या, नाहीतर कोणालाच नको.

खरा फरक कान कुठे लागतो आणि डोळा कुठे जातो यात असतो. माझ्या कादंबरीत खडकवासला धरणातून मुठेला पाणी सोडतात आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. पुण्यात राहणाऱ्याला यात नवल नाही, दर एक-दोन पावसाळ्यांत हे होतंच. पहिल्या खर्ड्यात तिघांनीही पाणी 'रोरावत' येताना पाहिलं होतं. रोरावत हा शब्द माझा. दुसऱ्या खर्ड्यात असं झालं:

मिहीर: "बाबांनी ग्रुपवरचा मेसेज मोठ्याने वाचला, खडकवासल्यातून सतरा हजार क्युसेक. मी विचारलं, क्युसेक म्हणजे किती? बाबा म्हणाले, खूप."

रेशमा: "मम्मीने आधी गॅसची टाकी माळ्यावर चढवली, मग कागदपत्रांची पिशवी. मला म्हणाली, दप्तर पाठीवरून काढायचं नाही. पाणी अजून गटारातच होतं, पण उलटं येत होतं."

ऋतुजा: "मी पोचलो तर सगळे मोबाईल वर करून उभारलेले. किती फूट झालं, विचारलं तर कुणाला सांगता येईना. आमच्याकडं पोरंसुद्धा सांगतात, एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका."

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर पाणी. हे मिहीरच्या बाबांना माहीत नाही, म्हणून ते 'खूप' म्हणतात, आणि त्या एका शब्दात ते घर उभं राहतं. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात, इशारा 39 फुटांवर आणि धोका 43 फुटांवर. त्या गावात वाढलेल्या मुलीला पूर म्हटलं की आकडा आठवणारच. रेशमाकडे आकडाच नाही. तिला एवढंच दिसतं की गटाराचं पाणी उलटं फिरलं. नदी दारात येण्याआधी गटारातून वर येते, हे काठावर राहणाऱ्यांना ठाऊक असतं. तिघींपैकी कोणाच्याही शब्दांना मी अलंकार चढवला नाही, आणि आता पानं पिसली तरी...

चुकलं. 'तिघींपैकी' लिहून गेले, मिहीर मुलगा आहे. हे मुद्दाम खोडत नाही, कारण पुढची चूक हीच.

उरलेले 'गेलो' आणि 'गेले'

इंग्रजीत 'मी'ला लिंग नसतं. आपल्याकडे पहिल्या क्रियापदालाच पत्ता लागतो. हा फायदा आहे, फुकट मिळालेला. प्रकरणाच्या पहिल्या दोन ओळींत 'गेले' किंवा 'गेलो' येऊ द्या, निम्मी ओळख तिथेच होते. 'म्हटलं', 'केलं', 'विचारलं' यांच्या मागे मात्र 'मी' लपून राहतो. अशा क्रियापदांनी प्रकरण सुरू झालं तर वाचणारं मूल पानभर चाचपडत बसतं.

तोटा पुनर्लेखनात होतो. एक परिच्छेद मिहीरकडून काढून रेशमाला दिला की चार 'गेलो' सुधारतात आणि पाचवा 'थांबलो' तसाच राहतो. कॉम्प्युटरवर शब्द शोधणं इथे कामाचं नाही, कारण 'मुलं गेली', 'बाबा थांबले' असं सगळंच सापडत जातं. एका निवेदकाची सगळी प्रकरणं सलग छापून घ्या आणि मोठ्याने वाचा. जिभेला अडखळतं तिथे चूक असते.

ऋतुजाचं दुखणं वेगळं. कोल्हापूरकडच्या कित्येक मुली सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. दुसऱ्या खर्ड्यात मी तसंच लिहिलं. मुद्रितशोधनातून पानं परत आली तेव्हा प्रत्येक 'आलो'चं 'आले' झालं होतं, आणि वर तिघांचंही 'केलं' सरसकट 'केले' केलेलं. मुद्रितशोधकाचा दोष नाही, मी सांगितलंच नव्हतं. पण ऋतुजा त्या पानांतून निघून गेली होती. आणखी एक धडा मिळाला: 'मी आलो' म्हणणारी ही मुलगी आहे, हे वाचकाला आधी दुसऱ्याच्या प्रकरणातून कळवून ठेवा. माझ्याकडे मिहीर तिला पहिल्याच दिवशी चिडवतो, ती त्याला बत्ता हातात घेऊन उत्तर देते, आणि प्रश्न मिटतो.

ज्याला कळलंच नव्हतं त्याला सगळं कळतं

सगळ्यांत जास्त वेळ मी यात घालवला. लेखकाला गोष्ट पूर्ण माहीत असते, आणि ते माहीत असणं प्रत्येक निवेदकाच्या प्रकरणात झिरपतं. माझ्या नवव्या प्रकरणात मिहीर लिहितो की रेशमाला शाळा सोडावी लागणार याचं त्याला वाईट वाटलं. रेशमा ते अकराव्या प्रकरणापर्यंत कोणालाही सांगत नाही. मग त्याला कळलं कसं? माझ्याकडून.

याला एकच औषध सापडलं, आणि ते कंटाळवाणं आहे. फुलस्केप कागद आडवा धरायचा. वर तिघांची नावं, डाव्या बाजूला प्रकरणांचे आकडे. प्रत्येक चौकोनात दोन ओळी: या मुलाला आज काय माहीत आहे, आणि काय माहीत नाही. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. ती लिहिता येत नसेल, म्हणजे त्या प्रकरणात या मुलाला सगळंच ठाऊक असेल, तर ते प्रकरण दुसऱ्या कोणाकडे द्या. माझी पाच प्रकरणं अशी हलली. तीन तर गेलीच.

याच कागदावर आणखी एक रकाना ठेवा: हा मुलगा हे कधी सांगतोय? त्याच संध्याकाळी, की वर्षाने? मिहीर त्याच रात्री सांगत असेल तर त्याला 'तेव्हा मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. मराठी लेखकांना या वाक्याची भारी हौस, मलाही.

तोच पूर तीनदा

पूल बुडाला ते मिहीरने सांगितलं, मग रेशमाने, मग ऋतुजाने, आणि गोष्ट तिथेच उभी. वरचे तीन तुकडे शेजारी ठेवले ते तुम्हाला फरक दिसावा म्हणून. पुस्तकात ते असे शेजारी नाहीत. मिहीरचा पूर दुपारचा, रेशमाचा त्याच पहाटेचा, आणि ऋतुजा पोचते तेव्हा पाणी ओसरू लागलंय. एकच प्रसंग पुन्हा सांगायचा तो फक्त एका कारणासाठी: दुसऱ्याने सांगितल्यावर पहिल्याचं खोटं किंवा अर्धवट ठरलं पाहिजे.

मोठ्यांच्या कादंबऱ्यांवरून धडा घेताना इथेच फसगत होते. 'ययाति' 1959 ची, 'मृत्युंजय' 1967 ची. दोन्हींत पात्रं आळीपाळीने 'मी' म्हणून बोलतात आणि घराघरांत ती वाचली गेली. एकात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. दुसऱ्यात कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, आणि अखेरीस कृष्ण. पण तिथे वाचक गोष्ट घरून घेऊन आलेला असतो. कुंती कोण, कर्ण तिचा कोण, हे सांगावं लागत नाही. तुमच्या रेशमाला ते भाग्य नाही. तिच्या मम्मीचं नाव, ती मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या विकते हे, सगळं गोष्टीतच पेरावं लागतं.

एका आजीची तीन नावं

मिहीरची आई ऋतुजाची मामी, आणि रेशमाची काकू. बाबा तेच मामा, तेच काका. रेशमा आजीला 'वाड्यातल्या आजी' म्हणते. पाच मोठी माणसं, नावं पंधरा. दहा वर्षांच्या वाचकाचा इथे गोंधळ उडतो आणि तो पुस्तक मिटतो. नाती बदलू नका, ती खरी आहेत. प्रत्येक मोठ्या माणसाला एक वस्तू चिकटवा. आमच्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे. कोणीही कोणत्याही नावाने बोलो, जुडगा वाजला की आजी आली.

'आम्ही' आणि 'आपण' यांची तर चैनच आहे. सुरुवातीला रेशमा म्हणते, 'आम्ही खाली राहतो.' पंधराव्या प्रकरणात मिहीरशी बोलताना ती पहिल्यांदा 'आपण' म्हणते. मी त्यावर काही भाष्य केलेलं नाही. पार्किंगमधल्या दोन मुलांच्या ते लक्षात आलं.

निवेदक किती, आणि किती वेळ

दोन बरे, तीन चालतील. 'वंडर' या 2012 च्या इंग्रजी पुस्तकाचा दाखला हमखास दिला जातो, त्यात सहा मुलं बोलतात म्हणून. पण त्याचे आठ भाग आहेत आणि त्यांतले तीन एकट्या ऑगस्टचे, म्हणजे नायकाचे, पहिला आणि शेवटचा धरून. घर त्याचं, बाकीचे पाहुणे. शिवाय एकेक भाग लांब आहे. दर चार पानांनी माईक हिसकावलेला नाही. त्यात जस्टिनचा भाग कॅपिटल अक्षरं न वापरता लिहिलाय. ती युक्ती देवनागरीत करताच येत नाही, आणि तिच्या जागी हस्ताक्षरासारखा फॉन्ट वापरायचा मोह होईल, तो आवरा. चौथीतलं मूल तो वाचू शकत नाही.

प्रकरणावर नाव मोठ्या अक्षरांत छापाच. ओळखू येणारा आवाज जमला तरीही छापा. मुलं पुस्तक मधूनच उघडतात.

आणि हस्तलिखित देताना सोबत एक चिठ्ठी जोडा. माझ्या चिठ्ठीत आता तीन ओळी असतात: 'ऋतुजा स्वतःबद्दल आलो-गेलो म्हणते, ते बरोबर आहे. केलं-गेलं तसंच ठेवावं. रेशमाच्या प्रकरणांत पानी कुठे सापडलं तर ते माझ्याकडून राहिलंय, पाणी करावं.'